कापूस वेचणीच्या दिवसांत घरीच शिकणाऱ्या लेकरांचा अभ्यास कसा बसवावा?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. आमची थोरली सात वर्षांची आणि धाकटा चार वर्षांचा असून दोघांनाही आम्ही घरीच शिकवतो. पावसाळ्यात हे बरे जमले, कारण सकाळचे दोन तास मला मोकळे मिळत. आता मजूर पुरेसे मिळत नसल्यामुळे मलाही लवकर वावरात जावे लागते आणि मुले सोबत येतात. संध्याकाळी चूल, गोठा आणि पाणी आटोपून पाटी हाती घ्यावी, तर थोरली पेंगलेली असते. जागी असलीच तर धाकटा तिच्या वहीवर रेघोट्या ओढतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पोरीला गावच्या शाळेत घाला, असे सासूबाई म्हणतात. त्यातच शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी गुरुजी घरी येऊन गेले. अभ्यास कसा बसवावा आणि गुरुजींना काय सांगावे, हे अनुभवी पालकांनी कृपया कळवावे.

उत्तर 1 (वर्धा जिल्हा)

ताई, वेचणी संपेपर्यंत संध्याकाळचा अभ्यास सरळ बंद करा. वाचन-लेखनासाठी वावरात निघण्यापूर्वीची वीस मिनिटे पुरतात. मात्र ती रोजची असावीत आणि त्या वेळी मोबाइल कोणाच्याही हाती नसावा.

आमच्याकडे वेचणाऱ्या बायांच्या वजनाची वही मुलगी लिहिते. सायंकाळी गाठोडे काट्याला अडकवले की ती आकडा वाचते, नावापुढे लिहिते आणि आठवड्याच्या शेवटी प्रत्येकीची बेरीज करते. बायांच्या नावांतली जोडाक्षरे तिला पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर आली, कारण नाव चुकले की ती बाईच तिला हटकत असे. बेरीज मात्र मी पुन्हा तपासते; मजुरीचा हिशेब आहे, तिथे लेकराची चूक कोणाच्या पदरात पडता कामा नये. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात आम्ही 33 फुटांच्या दोरीने चार खुंट्या ठोकून एक गुंठा आखला होता. असे 40 मिळून एक एकर होतो, हे तिने धुऱ्यावरून चालता चालता समजून घेतले.

धाकट्याला वेगळी पाटी आणि डबाभर चिंचोके द्या. दहा-दहाचे ढीग लावण्यात तो रमला की वहीवरची भांडणे पुष्कळ कमी होतील. पण दोन्ही लेकरांना वेचायला लावू नका आणि फवारणी झालेल्या ओळींत फिरकू देऊ नका. 2017 साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

उत्तर 2 (सेवानिवृत्त शिक्षक, अमरावती जिल्हा)

गुरुजींशी वाद घालू नये; शाळाबाह्य मुलांची नोंद घेणे हे त्यांचे नेमून दिलेले काम आहे. शिक्षण हक्क अधिनियम 2009 सालचा असून तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि 6 ते 14 वयोगटाला लागू आहे. त्याच्या कलम 10 मध्ये पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, मात्र ते न पाळणाऱ्या पालकांसाठी कायद्यात शिक्षा नाही. त्यामुळे घरच्या शिक्षणाला त्यात स्वतंत्र मान्यता आहे, असे छातीठोकपणे सांगू नका. मूल शिकत आहे, एवढे वह्या पुढे ठेवून दाखवा. कलम 4 नुसार शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे पुढे विचार बदलला तरी मुलीला पहिलीपासून बसावे लागणार नाही. सासूबाईंना हे आवर्जून सांगा, कारण त्यांची धास्ती बहुधा हीच असावी.

परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे (एनआयओएस) तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष तीन स्तर आहेत. दहावीला तेथे किमान वय 14 लागते. आतापासून प्रत्येक महिन्याच्या कामाचे दोन-चार नमुने तारीख टाकून जपून ठेवावेत.

उत्तर 3 (चंद्रपूर जिल्हा)

वरच्या ताईंशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु वजनाच्या वहीवर सगळी भिस्त ठेवणे मला पटत नाही. त्यातून आकडे येतात. गोष्ट ऐकणे आणि ती आपल्या शब्दांत सांगणे त्यातून येत नाही. दुपारी भाकर खाल्ल्यावर सावलीत अर्धा तास बालभारतीच्या पुस्तकातला एखादा धडा मोठ्याने वाचावा. चार वर्षांचे मूलही तो ऐकते आणि रात्री आजीला उलटसुलट करून सांगते.

सवंगड्यांचाही विचार करावा. गावातल्या पोरांची शाळा सुटली की आमची मुले त्यांच्याबरोबर खेळतात आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन त्यांच्याच सोबत मिरवतात, त्यामुळे ती एकटी पडली नाहीत. तुमचे घर वावरात असेल, तर यासाठी तुम्हाला मुद्दाम वेळ काढावा लागेल. उन्हाळ्याची चिंता आताच करू नका. विदर्भात शाळाही जूनच्या शेवटीच उघडतात. मार्चपासून आम्ही सकाळी सहा ते आठ एवढाच अभ्यास ठेवतो आणि कूलरसमोर दुपारी कोणी पुस्तक उघडलेच, तर अडवत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. वजनाची वही उद्यापासून थोरलीकडे देते. अमरावतीचे गुरुजी, नमुन्यांत तोंडी कामाची नोंद कशी ठेवावी, तेवढे सांगावे. धाकट्याचे सगळेच तोंडी आहे.