'सोशल ग्रेडियंट'ला मराठीत काय म्हणावं: दरी, उतार की उतरंड?

पाटीपेन्सिल:
आशाताई आणि नर्स लोकांसाठीच्या एका पुस्तिकेचं मराठी करतोय. 'सोशल ग्रेडियंट इन हेल्थ' पाशी गाडी अडलीये, म्हणजे समाजात माणूस जितक्या खालच्या पायरीवर तितकी त्याची तब्येत वाईट, हे. मी 'आरोग्यातली दरी' लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'आरोग्याची सामाजिक प्रवणता' करून पाठवलं. आता प्रवणता हा शब्द दहावीनंतर कुणी तोंडातून काढलाय का? सुचवा काहीतरी, शनिवारी द्यायचंय.

नदीकाठची:
प्रवणता नकोच, पण दरी खोडली ते बरंच केलं बाईंनी. दरी म्हटली की दोनच कडे, इकडे श्रीमंत तिकडे गरीब. व्हाइटहॉलचा अभ्यास बघा. 1967 ला सुरू झाला, लंडनमधले सतराएक हजार सरकारी नोकर, सगळे पुरुष, सगळ्यांना पक्की नोकरी आणि सरकारी दवाखाना फुकट, म्हणजे ज्याला आपण गरीब म्हणू असं त्यात कुणी नाहीच. तरी शिपाई-दरवानांमध्ये हृदयविकारानं मरायचं प्रमाण सगळ्यात वरच्या साहेबांच्या तिपटीच्या वर. इथवर ठीक, दरी चालली असती. पण वरच्या साहेबाच्या लगेच खालचा साहेब, जो खाऊनपिऊन सुखी आहे, तोही वरच्यापेक्षा जास्त मरतो, आणि कारकून त्याच्याहून जास्त. सिगरेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं वजा केलं तरी फरकाचा मोठा भाग उरतोच. त्या मधल्या साहेबाला दरीच्या कुठल्या काठावर उभा करणार तुम्ही?

बोरूबहाद्दर:
सरळ 'उतार' म्हणा की! मराठी शब्द हाताशी असताना लोक इंग्रजीला का लोंबकळतात कळत नाही. नाहीतर 'चढ' घ्या, गणिताच्या पुस्तकात 'रेषेचा चढ' असतोच.

डॉक्टर_खडूस:
बोरूबहाद्दर, 'आरोग्याचा उतार' वाचून माझ्या पेशंटला वाटेल बरं वाटायला लागलं. 'तापाला उतार पडला' कधी ऐकलं नाहीत काय? दुखण्याच्या गावात उतार ही चांगली बातमी असते हो.

बोरूबहाद्दर:
मग वयाचा उतार? उतारवय? तिथे कुठली चांगली बातमी?

ओसरी:
उतरंड! शब्द तयार आहे, जातीची उतरंड आपण म्हणतोच. आमच्या आजीच्या माजघरात धान्याची उतरंड होती, खाली मोठा डेरा, वर लहान लहान होत जाणारी मडकी, सगळ्यात वर चिमुकलं बोळकं. खालच्यातलं काढायचं तर वरची सगळी एकेक उतरवावी लागायची, म्हणून उतरंड, असं आजी सांगायची.

बोरूबहाद्दर:
आजींचा आदर आहे पण ती लोकव्युत्पत्ती झाली. उतर अधिक हंडी, त्याचं उतरंड. ह लोपला.

डॉक्टर_खडूस:
पुरावा? की हीसुद्धा आजीच?

नदीकाठची:
उतरंड मला आवडला, कारण त्यात प्रत्येक मडकं येतं, नुसतं वरचं आणि खालचं नाही. आपल्याकडचे आकडेही तसेच आहेत. 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत घरांचे ऐपतीनुसार पाच हिस्से केले, तर खुरट्या वाढीची मुलं सगळ्यात गरीब हिश्शात 46 टक्के, सगळ्यात श्रीमंत हिश्शात 23, मधले गट मधे, ओळीनं उतरत गेलेले. आणि ते वरचे 23 बघा, फ्रिज-गाडीवाल्या घरातली मुलं आहेत ही.

ग्लासगोचा_पाऊस:
दरीला एवढी मोडीत काढू नका. डब्ल्यूएचओच्या 2008 च्या अहवालात आमच्या ग्लासगोचं उदाहरण आहे, काल्टन भागात पुरुषांचं सरासरी आयुष्य 54 वर्षं आणि थोड्याच मैलांवर लेन्झीत 82. अठ्ठावीस वर्षांचा फरक, बसनं जाता येतं इतक्या अंतरावर. याला उतरंड म्हणू? ही दरीच.

नदीकाठची:
दोन टोकंच मोजलीत तर दरीच दिसणार ना. मधल्या वस्त्या मांडा की ओळीत.

मोळीवाला:
तुमचं चालू द्या, पण पुस्तिका वाचणाऱ्या आशाताईला दरी, उतरंड काही नको, तिला 'खाडा' कळतो. मी बीडकडचा. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा, त्याचे पाचशे रुपये उचलीत वाढतात. पाळीत पोट दुखलं तरी खाडा परवडत नाही, फडात ना संडास ना पाणी, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं. मग गावातला डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. 2019 ला सरकारी समितीनं पाहणी केली, 82 हजारांवर बायका, त्यातल्या 13 हजारांवर जणींची पिशवी काढलेली. म्हणजे सहातली एक. देशात त्या वयाच्या बायकांत हे प्रमाण साधारण 3 टक्के आहे. आणि त्या ऑपरेशनचे पैसेही पुन्हा उचलीतूनच.

बोरूबहाद्दर:
माहिती भयंकर आहे, वादच नाही. पण पुस्तिकेत 'पिशवी' नको, 'गर्भाशय' हा नेमका शब्द असताना पिशवी म्हणजे बाजारात न्यायची वस्तू वाटते.

डॉक्टर_खडूस:
नेमका कुणासाठी? ओपीडीत 'गर्भाशय' म्हटलं की बाई माझ्याकडे बघत बसते, 'पिशवी' म्हटलं की लगेच सांगते कुठे दुखतंय ते. उलट माझी तक्रार दुसरी आहे, पिशवी म्हटल्यानं ती रिकामी झाली, आता काय कामाची, काढून टाका, हे सांगणं सोपं जातं. तिशीत काढली की पुढे हाडं, हृदय काय काय होतं ते कुणी सांगत नाही. शब्द कळणारा हवा, पण त्या शब्दानं काय काय खपतं तेही बघा.

ओसरी:
खाडा तर आमच्याकडे कालनिर्णयवर असतो, दुधाचे खाडे, कामवाल्या बाईंचे खाडे. पेन्सिलीनं फुली मारायची आणि महिन्याला पैसे कापायचे.

मोळीवाला:
फुली तुम्ही मारता म्हणून तो शब्द गोड लागतो तुम्हाला.

ओसरी:
गोड लागतो असं मी कुठे म्हटलं? आणि आजारपणाचे खाडे आम्ही धरत नाही.

मोळीवाला:
चांगलंय. भरपगारी रजा म्हणा मग त्याला.

पाटीपेन्सिल:
लोकहो, ग्रेडियंट! शनिवार उद्यावर आलाय. तूर्त 'आरोग्याची उतरंड' ठेवतोय आणि खाली कोयता-खाड्याचा परिच्छेद टाकतो. बाई खोडतील बहुतेक.

बोरूबहाद्दर:
खोडाव्यातच. उतरंड हलत नाही. व्हाइटहॉलमधल्या कारकुनाला बढती मिळू शकते, मडक्याला मिळते का?

नदीकाठची:
जातीच्या उतरंडीत कुणाला मिळाली?

वऱ्हाडी_ठेचा:
मधेच घुसतो. आमच्याकडे खाडा नाही म्हणत, 'नागा' म्हणतात. दूधवाल्यानं आज नागा केला. हा नागा आणि हिंदीतला नागा एकच ना? की आपल्याकडून तिकडे गेला?

बोरूबहाद्दर:
तो फारसीतून आला असावा. यावर वेगळा धागा काढा, लिहितो सविस्तर.