चिकाचा मुक्काम गाळू नका

"रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाभोवती दहा किलोमीटर पळतो, मग मनालीजवळच्या हंपटा पास या खिंडीच्या ट्रेकला चिकाच्या पहिल्या तळावरचा मुक्काम गाळून थेट त्यावरचा तळ, बालू का घेरा गाठला तर बिघडलं कुठं?" असं एकानं विचारलंय. बिघडतं. पळण्यानं पाय अन् दम तयार होतो, उंचीची सवय होत नाही. आपलं सोलापूर जेमतेम साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर, मनाली दोन हजारांवर, बालू का घेरा साधारण ३६०० अन् पास ४२७० च्या आसपास. ३००० मीटरनंतर झोपायची जागा दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा साधा नियम. मी तो एकदा मोडलाय. रात्रभर कानशिलं ठणकत होती, सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलो अन् तिथंच ओकलो. आमच्यातला सगळ्यात जाडा, कधी न पळणारा गडी मात्र शेजारी बसून मॅगी खात होता! तेव्हा डोकं दुखून मळमळत असेल तर वर जायचं नाही, वाढलं तर गुमान खाली उतरायचं. म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक मोकळा दिवस ठेवाच. कर्नाटक एक्स्प्रेस आपल्यासाठी थांबत नाही.

आता खाण्याचं. वर भूक मरते, गोड बार तर नकोसे होतात. आम्ही कडक भाकरी अन् शेंगाचटणी नेली होती, तेवढीच घशाखाली उतरायची. फक्त भाकरी दोन पिशव्यांत घट्ट बांधा. जुलैच्या पावसात आमची वरची चवड चामड्यासारखी वातड झाली.