आईचं क्रोमोग्रॅनिन वाढलंय, गॅसच्या गोळीमुळं असं होतं का?

खानापूरकर:
नमस्कार. आईचं वय ५६. दोन वर्षं झाली जुलाब थांबत नाहीत, रात्री झोपेतून पण उठावं लागतंय, आणि मधेच तोंड-मान एकदम लालबुंद होतं, पाच-दहा मिनिटांनी आपोआप जातं. आधी आयबीएस (आतड्याचा जुना त्रास, ज्यात गाठ वगैरे काही नसतं) म्हणाले, मग पाळी गेल्यामुळं म्हणाले. आता बेळगावच्या डॉक्टरांनी क्रोमोग्रॅनिन ए (हार्मोन सोडणाऱ्या गाठीत वाढतं ते रक्तातलं प्रथिन) करायला लावलं, ते ४२० आलंय, नॉर्मल १०० च्या आत लिहिलंय. २४ तासांच्या लघवीची बाटली पण दिलीय, उद्यापासून जमवायची. ती तीन वर्षं रोज सकाळी गॅसची गोळी पॅन्टोप्राझोल घेते. आतड्यात हार्मोन सोडणारी गाठ असती असं वाचलं तेव्हापासून घरात कुणाला जेवण जाईना. ४२० म्हणजे गाठ नक्कीच का?

निपाणी_लॅबवाली:
दादा, नुसत्या या आकड्यावरून नक्की म्हणता येत नाही. पॅन्टोप्राझोलनं पोटातलं ॲसिड कमी झालं की गॅस्ट्रिन (ॲसिड बनवायला लावणारं हार्मोन) वाढतं आणि त्याच्या मागं क्रोमोग्रॅनिन पण वाढतं, किडनी कमजोर असली तरी वाढतं. गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवून परत टेस्ट करतात, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका हां, गॅस्ट्रिन सोडणारी गाठ असली तर गोळी सुटल्यावर अल्सर फुटून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून विषय सोडू मात्र नका, आयबीएसमधे सहसा झोपेतून उठावं लागत नाही आणि तोंड लाल होणं तर त्यात येतच नाही. लघवीत ५-एचआयएए बघतात, अशा गाठी सेरोटोनिन नावाचं हार्मोन सोडतात, ते मोडून हे तयार होतं. आधीचे तीन दिवस केळं, अननस, टोमॅटो, वांगं, अक्रोड बंद. आमच्याकडं संकष्टीला केळी खाऊन दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन येतात, मग रिपोर्ट खोटा वाढलेला येतो आणि अख्खं घर घाबरतं. पॅरासिटामॉल आणि खोकल्याचं औषध घेतलं असेल तर तेही सांगा. सकाळची पहिली लघवी टाकायची, तिथनं दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी बाटलीत.

शहापूर_बेळगाव:
माझ्या वहिनीला हेच होतं, तीन वर्षं जुलाबाच्या गोळ्या खाण्यातच गेली, त्याचं अजून वाईट वाटतं. सेरोटोनिन एरवी लिव्हर मोडून टाकतं, त्यामुळं तोंड लाल व्हायला लागतं तोवर बऱ्याचदा गाठ लिव्हरपर्यंत गेलेली असती. तिचंही तसंच होतं. सीटी, मग गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन (अशा गाठी अंगात कुठं कुठं आहेत ते दाखवणारा), त्यासाठी पुण्याला गेलो. पण खरं निदान बायोप्सीनं झालं. त्यात केआय-६७ (गाठीच्या किती टक्के पेशी वाढतायत तो आकडा) बघा, ३ टक्क्यांच्या खाली म्हणजे ग्रेड १, हळू वाढणारी, २० च्या वर गेलं की ग्रेड ३. वहिनीचं २ टक्के होतं. महिन्याला ऑक्ट्रिओटाइडचं (गाठीचं हार्मोन दाबणारं) इंजेक्शन सुरू आहे, जुलाब थांबलेत, शेतावर जाते. हार्टची इको पण करून घ्या, उजव्या बाजूच्या झडपा खराब होऊ शकतात.

खानापूरकर:
ताई, दादा, लई उपकार झाले. काल रात्रीच वांग्याचं भरीत केलेलं घरात. बाटली पुढं ढकलतो, सोमवारी डॉक्टरांना भेटून गोळीचं विचारतो.