मदत हवी आहे: हेस्परॉर्निसचे पाय कसे दाखवू?

हेस्परॉर्निथिडी या नामशेष पक्षीकुळाचं मोठं चित्र काढतेय. क्रेटेशियसचा (डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाचा) उत्तरार्ध, उत्तर अमेरिकेला उभा चिरणारा उथळ समुद्र आणि त्यात बुडी मारणारा, जवळपास 1.8 मीटर लांबीचा हेस्परॉर्निस. कॅन्ससच्या खडूच्या थरांत सापडलेल्या या पक्ष्याला अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ मार्शने 1872 मध्ये नाव दिलं. चोच जमलीय, आणि ती काढताना फार मजा आली: खालच्या जबड्यात दातांची ओळ, वरच्या जबड्यात फक्त मागे दात, टोकाला एकही नाही. पंख नावापुरतेच.

अडलंय पायांपाशी. बोटांमध्ये बदकासारखा पडदा दाखवू, की टिबुकलीसारख्या प्रत्येक बोटाला सुट्या पाळ्या? पाय इतके मागे असताना किनाऱ्यावर तो उभा राहील की पोटावर सरकेल? हाडांच्या रचनेवरून कुणी समजावून सांगेल का?