प्रतिसाद: समुद्राकाठचा उन्हाळा रिकामा नसतो

निवृत्तीनंतर समुद्राकाठच्या गावी उन्हाळा काढणे म्हणजे निव्वळ रिकामपण, अशी शंका वर व्यक्त झाली आहे. माझा अनुभव नेमका उलट आहे. गुहागरच्या घरी सकाळी दोन-तीन तास हिशेबतपासणीचे उरलेले काम करतो आणि मग सगळा दिवस आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या बेगमीच्या, तयारीला लागतो, कारण सरपण, डाळी-मसाले आणि सुके मासे मिरगाआधी, म्हणजे मृग नक्षत्राचा पाऊस सुरू होण्याआधी, घरात यावे लागतात, आणि यांत्रिकी नौकांची मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदच असते.

सर्वांत जिव्हाळ्याचे काम आमसुलांचे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात भिजवून खळ्यात कडक उन्हात वाळवायच्या, आणि त्या काळपट होईपर्यंत पुन्हा पुन्हा तेच पूट द्यायचे. या दिवसांत बोटांचा जांभळट रंग काही जात नाही. दुपारी अढीतले, म्हणजे पेंढ्यात पिकायला घातलेले, आंबे चाचपून पाहताना पेंढ्याला लागलेला गोड वास माजघरभर पसरतो.

अडचण आहे ती पाण्याची. मेच्या अखेरीस विहीर तळ गाठते, तेव्हा पोफळींचे, म्हणजे सुपारीच्या झाडांचे, शिंपणे एक दिवसाआड करूनच भागवावे लागते.