अनुभव धागा: घरच्याच माणसाने कायदा मोडला तेव्हा तुम्ही काय केलंत?

आमच्या भायखळ्याच्या चर्चच्या मंडळीत गेल्या महिन्यात भगिनी मंडळाची सभा झाली. सभा संपली तरी बायका जिन्यात उभ्या राहून बोलत होत्या. प्रश्न असा निघाला होता, की घरातल्या माणसाने गुन्हा केला तर ख्रिस्ती माणसाने तो पोलिसांना कळवायचा का? एकीने बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडला, अधिकारी देवाने नेमलेले असतात म्हणून. दुसरीने पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन सांगितलं, प्रीती पापांची रास झाकते. दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं.

वचनं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. मला ऐकायचंय ते तुमच्या घरात काय झालं ते. नावं लिहू नका, ओळख पटेल असं काही लिहू नका. कळवलं असेल तर लिहा, झाकलं असेल तरी लिहा. आधी माझं सांगते.

माझा धाकटा भाऊ एका पतपेढीत रोखपाल होता. एकदा त्याच्या कपाटात चादर शोधताना इस्त्रीच्या शर्टांखाली मला सहा पासबुकं सापडली. सगळी दुसऱ्यांची. आतल्या नोंदी पेन्सिलीने केलेल्या, दोन पानांवर तर खोडरबराने कागद इतका घासलेला की पलीकडचा आकडा दिसत होता. एक पासबुक आमच्याच चर्चमधल्या एका विधवा बाईचं होतं. रविवारी ती आमच्या दोन बाक पुढे बसायची.

भाऊ रडला. बायबलवर हात ठेवून म्हणाला, महिन्याभरात सगळे भरतो. मी मनाशी म्हटलं, मत्तय अठरामध्ये येशूने हेच सांगितलंय, आधी एकांतात जाऊन समजाव. मी समजावलं आणि गप्प बसले. महिन्याचे आठ महिने झाले. हिशेब तपासनिसांनी पकडलं तेव्हा दीड लाखाचे नऊ लाख झाले होते. त्या बाईचे पैसे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेले होते. तिने मला एकच विचारलं, "तुला ठाऊक होतं का गं?" मी हो म्हटलं.

नंतर तेच वचन मी पुन्हा वाचलं. "तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर", असं आहे तिथे. माझा अपराध झालाच नव्हता. पैसे तिचे गेले होते, आणि क्षमा मी करून मोकळी झाले होते.

आता तुम्ही लिहा.

कुर्ल्याहून, एका मुलाची आई

माझा मुलगा तेव्हा सोळाचा. पिठाच्या डब्यात तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत तीन मोबाईल मिळाले. चपात्यांचं पीठ काढायला गेले आणि हाताला लागले. त्याचे वडील नाहीत. मी रात्रभर खुर्चीत बसून होते. लेवीयमधलं एक वचन डोक्यातून जाईना, शेजाऱ्याला त्याचा दोष दाखवून दे, नाहीतर त्याच्या पापाचा भार तुझ्यावर येईल. सकाळी त्याला म्हटलं, शर्ट घाल. त्याने शाळेचा पांढरा शर्ट घातला. तो का घातला ते मी अजून विचारलेलं नाही.

मला वाटत होतं, कोठडीत टाकतील, मारतील. तसं झालं नाही. साध्या कपड्यातले एक साहेब आले, बालकल्याण पोलीस अधिकारी. अठराच्या आतला मुलगा आणि तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा, म्हणून एफआयआर न करता डायरीत नोंद केली. घरची माहिती विचारून फॉर्म भरला. मग डोंगरीला बाल न्याय मंडळापुढे तारखा. समुपदेशन, देखरेख, महिन्यातून एकदा हजेरी. पुढे नोकरीत ही गोष्ट आडवी येणार नाही हेही तिथल्याच बाईंनी सांगितलं. २०१५ च्या कायद्यात तसं आहे.

पण हे सगळं मला आधी माहीत नव्हतं. मी आंधळेपणाने गेले. आणि पोरगा माझ्याशी दोन वर्षं नीट बोलला नाही. जेवायचा, ताट घासून ठेवायचा, पण "मम्मी" म्हणायचा नाही. आता एसी दुरुस्तीचं काम करतो. परवा फोन आला, "मम्मी, उशीर होईल." मी फोन ठेवून तिथेच बसले.

मरोळच्या गावठणातून

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. माझ्या दिराची मुलगी अकरा वर्षांची. मी कोळंबी सोलत होते, ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "काकी, ते अंकल राहायला आले की मी तुझ्याकडे झोपू?" अंकल म्हणजे माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ. चर्चच्या प्रत्येक सणाला पुढे, कार्यक्रमाची खुर्चीन् खुर्ची लावणारा. पुढे तिने जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या हाताला कोळंबीचा काटा लागलेला मला संध्याकाळी कळलं.

सासूबाई म्हणाल्या, फादरना सांगू, घरातली गोष्ट घरात राहू दे, पोरीचं नाव खराब होईल. माळ हातात घेऊन म्हणत होत्या त्या. मी फादरकडे गेले. त्यांनी दार लावलं, ऐकलं आणि म्हणाले, "हे मी पापनिवेदनात, म्हणजे कन्फेशनमध्ये ऐकलं असतं तर मला मरेपर्यंत तोंड उघडता आलं नसतं. पण तू मला ऑफिसात बसून सांगते आहेस. चल, मी येतो तुझ्याबरोबर." मला तोपर्यंत हा फरकच ठाऊक नव्हता.

बाकीच्यांनी हे नीट वाचा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलावरचा लैंगिक अत्याचार माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आई, आजी, काका, काकी कुणालाही सूट नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर खटला होत नाही. मुलीचा जबाब घ्यायला बाई अधिकारी आमच्या घरी आल्या, युनिफॉर्म न घालता. तिला चौकीची पायरी चढावी लागली नाही. स्टेशनला जायची हिंमत होत नसेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

त्यानंतर तीन नाताळ आम्हाला कुणी बोलावलं नाही. मे महिन्याच्या लग्नांत आमचं नाव नाही. सासूबाई म्हणतात, येशूने क्षमा करायला शिकवलं. मी त्यांना विचारते, त्या पोरीला कुणी विचारलं का, ती करते का क्षमा? ती आता नववीत आहे. रात्री लाईट बंद करून झोपते. आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे.

(धागा काढणारी)

मरोळच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. थोडं जोडते. आपल्याकडे पुराव्याच्या कायद्यात वकिलाला आणि नवरा-बायकोला एकमेकांतल्या बोलण्याबद्दल संरक्षण आहे, धर्मगुरूला तसं वेगळं कलम नाही. पापनिवेदनाची गुप्तता कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यातून येते, कॅनन ९८३. आम्हा प्रोटेस्टंटांकडे तो संस्कार तसा नाही. पण पाळकसाहेबांना विश्वासाने सांगितलेली गोष्ट मुलाच्या जीवावरची असेल तर त्यांनीही ती पोटात ठेवू नये, असं मला वाटतं.

वांद्र्याहून, एक बहीण

मी कळवलं नाही. आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. भाऊ एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचं ड्रग घ्यायचा. विकत नव्हता, घ्यायचा. त्याने घरातला गॅस सिलिंडरसुद्धा विकला. शेजारचे म्हणायचे, पोलिसांत द्या, अक्कल येईल. मी आर्थर रोड तुरुंगाच्या बाहेर मुलाखतीच्या रांगेत उभ्या असलेल्या आया पाहिल्यात, एका मैत्रिणीसाठी गेले होते तेव्हा. तिथे त्याला अक्कल येणार नव्हती, ओळखी झाल्या असत्या.

आमच्या वांद्र्यात माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केलं, ते मी लहानपणापासून ऐकत होते. तिथून चौकशीला सुरुवात केली. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात ६४अ कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला आणि प्रकरण थोड्या मालाचं किंवा नुसत्या सेवनाचं असेल, तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. हे मला एका वकीलबाईंनी सांगितलं. तो दोनदा पळाला. तिसऱ्यांदा राहिला.

त्याने कुणाला विकलं असतं तर मी काय केलं असतं? रात्री कधी कधी हा प्रश्न येतो. विकणारा माणूस दुसऱ्याच्या भावाला मारत असतो. मला वाटतं, मी गेले असते. पण मी तिथे पोचले नाही, म्हणून ठासून सांगत नाही.

निवृत्त हवालदार, सध्या नायगाव

३१ वर्षं नोकरी केली. माझ्यासमोर टेबलाला पोट लावून उभ्या राहिलेल्या आया मी मोजलेल्या नाहीत. दोन गोष्टी सांगतो, कारण लोक चुकीच्या भीतीने येत नाहीत आणि चुकीच्या भरवशावर झाकतात.

प्रत्येक गोष्ट कळवलीच पाहिजे असा कायदा नाही. खून, दरोडा अशा ठरावीक गंभीर गुन्ह्यांची माहिती देणं मात्र प्रत्येकाचं कर्तव्य आहे. पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याचं ३९ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ३३. आणि न सांगणं वेगळं, लपवणं वेगळं. गुन्हेगाराला आसरा दिला तर न्याय संहितेचं २४९ लागतं. त्यात नवरा किंवा बायको यांना सूट आहे. आई, बाप, भाऊ यांना नाही. "आई आहे म्हणून काही होणार नाही" असं समजून पोराला गावी मामाकडे पाठवणाऱ्या बायका मी पाहिल्या, आणि नंतर मामालाही आणावं लागलं.

येताना एकटे येऊ नका. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, अटक झालेल्याला तर हक्कच आहे. आणि पोराला सांगून आणा. झोपेतून उठवून पोलीस दाखवलेला पोरगा आईला विसरत नाही.

गोराईकडचा

माझं उलटं आहे. मी कळवलं आणि मी चुकलो. मोठ्या भावाने वडिलार्जित घरावर बिनपरवाना मजला चढवायला घेतला. मी वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला, पालिका कायद्याच्या ३५४अ कलमाची काम थांबवायची नोटीस आली, काम थांबलं. बेकायदा होतं ते होतंच. पण मी गेलो तो कायद्यासाठी नाही, वाटणीत मला मागची खोली आली होती म्हणून. घरात सगळ्यांना रोमकरांस पत्र वाचून दाखवलं. आई शेवटच्या दुखण्यात मला म्हणाली, "तू खरं बोललास बाबा, पण दातओठ खाऊन." भाऊ अंत्यविधीला माझ्या शेजारी उभा राहिला नाही. तक्रार देण्याआधी मी एकदा आरशात बघायला हवं होतं.

शिवडीहून, ज्याला बहिणीने नेलं तो

कळवणाऱ्यांचे, न कळवणाऱ्यांचे अनुभव आलेत. मी दुसऱ्या बाजूचा.

मी टेम्पो चालवतो. पावसाळ्यात रात्री पावणेदोनला गोदीच्या रस्त्यावर एका माणसाला धडक बसली. मी थांबलो नाही. घरी येऊन आंघोळ केली. ताई पाणी भरायला चारला उठते. तिने खाली फुटलेली हेडलाईट बघितली, बंपरला अडकलेला चपलेचा पट्टा बघितला. वर येऊन म्हणाली, "कुठे झालं?" मी म्हटलं, कुत्रं होतं. ती म्हणाली, "कुत्री चपला घालत नाहीत. चल." मी पाया पडलो. म्हटलं, बाळ तीन महिन्यांचं आहे, माझं लायसन जाईल. ती म्हणाली, त्याच्याही घरी कुणी असेल. माझ्या बायकोने बाळ उचललं आणि आतल्या खोलीत गेली. तिने आजही ताईला पूर्ण माफ केलेलं नाही.

आधी आम्ही त्या जागेवर गेलो. कुणीतरी त्याला हॉस्पिटलात नेलं होतं. मांडीचं हाड मोडलेलं. मग स्टेशन. मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हरने जखमीला मदत करायची आणि अपघात कळवायचा असतो. मी लायसन काढताना हे पाठ केलं होतं, आणि त्या रात्री काही आठवलं नाही.

जामीन झाला. पुढे त्याच्या मुलाने मला सांगितलं, गाडीचा नंबर मिळाला म्हणून त्यांना टेम्पोच्या विम्यावर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावता आला. गाडी अज्ञात राहिली असती तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला मिळतात पन्नास हजार, आणि त्यांचं बिल त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. ही गोष्ट ताईलाही ठाऊक नव्हती. ती फक्त चपलेच्या पट्ट्यामुळे गेली होती.

त्या काकांना मी भेटायला गेलो. पहिल्यांदा त्यांच्या बायकोने दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा पाणी दिलं. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेल्याचं चौपट परत केलं, माझ्याकडे चौपट काय, एकपटही नाही. दर महिन्याला जमेल तेवढं नेऊन देतो. काका काठीवर चालतात.

केस चालू आहे. आजवर नऊ तारखा झाल्या. ताई प्रत्येक तारखेला कामावर खाडा करून येते, कोर्टाच्या आवारात बाकावर डबा उघडते, अर्धी पोळी मला देते. बोलत फारसं नाही. पुढची तारीख सोळाला आहे.