मदत हवी आहे: जर्मनीत ओळखीची मैत्री कशी होते?

सप्रेम नमस्कार. मी मूळचा बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातला असून सध्या शिक्षणासाठी जर्मनीतील लाइपझिग येथे राहतो. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारी कोकणी अशा वातावरणात वाढल्यामुळे परक्या भाषेची मला भीती वाटत नाही. माझे अडते ते माणसांच्या अलिप्तपणापाशी. रविवारी बहुतेक दुकाने कायद्यानेच बंद असतात, रात्री 10 नंतर इमारतीत शांतता पाळावी लागते आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाचे दार वाजवणे सहसा योग्य समजले जात नाही. या नियमांची सवय झाली (एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली रिकामी झाल्यावर परत केली की 25 सेंट मिळतात, हा तर मला मनापासून आवडलेला नियम), परंतु डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधारू लागले की खोलीत एकट्याने बसवत नाही. सहपाठी अभ्यासात हवी ती मदत करतात, मात्र वर्ग सुटताच आपापल्या वाटेने निघून जातात.

जर्मनीत राहिलेल्या सीमाभागातील सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. येथील क्रीडा किंवा गायन मंडळांत, ज्यांना फेराइन म्हणतात, जर्मन कच्ची असताना सामील होता येते का? आपण होऊन कोणाला जेवायला बोलावले तर ते आगाऊपणाचे ठरेल का? आईला फोनवर यातले किती सांगावे, याबाबतही वडीलधाऱ्यांचा सल्ला हवा आहे.